'फर्स्ट इन्सेप्शन डेट' म्हणजे नक्की कुठली तारीख?

बडोद्याच्या दांडिया बाजारातला आमचा जुना वाडा पाडून तिथे चार मजली इमारत झाली, पण वाड्याची एक सवय टिकून आहे. कोणाकडे इंग्रजी कागद आला की तो आधी माझ्या दारात येतो. बँकेचं पत्र, सोसायटीची नोटीस, शाळेचा फॉर्म, काहीही असो. मागच्या महिन्यात शेजारच्या काकू आरोग्य विम्याची फाइल घेऊन आल्या. गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं होतं आणि त्यांची झोप उडाली होती.

"हे बघ गं, इथे लिहिलंय पॉलिसी सुरू २०२५. आणि खाली हे 'डेट ऑफ फर्स्ट इन्सेप्शन', तिथे २०१९. यातलं खरं कुठलं?"

दोन्ही खरं, म्हटलं. त्यावर काकूंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी जणू विमा एजंटच आहे.

त्याच संध्याकाळी भाच्याने म्युच्युअल फंडाची जाहिरात पाठवली, 'सिन्स इन्सेप्शन' अमुक टक्के परतावा, घेऊ का म्हणून. आणि काकूंचा नातू, मोबाइलवरच्या फोटोत मोबाइल, त्या मोबाइलमध्ये पुन्हा तोच फोटो असं काहीतरी दाखवत म्हणाला, "आजी, बघ, इन्सेप्शन!" एकाच जिन्यावर एका शब्दाचे तीन अर्थ. तेव्हा ठरवलं, हे एकदा नीट लिहून टाकावं.

हातात धरण्याचा शब्द

शब्दकोश उघडला तर 'इन्सेप्शन'पुढे 'सुरुवात, आरंभ' एवढंच मिळतं. चुकीचं नाही, पण त्याने काकूंचा प्रश्न सुटत नाही. जरा मुळाशी जाऊ.

लॅटिनमध्ये 'कापेरे' म्हणजे पकडणे, घेणे. त्याला 'इन' लागून 'इन्सिपेरे' झालं, म्हणजे हाती घेणे, सुरू करणे. त्याच 'कापेरे'च्या घरातली बाकीची भावंडं आपल्या ओळखीची आहेत. लग्नानंतरचं 'रिसेप्शन' म्हणजे पाहुण्यांना आत घेणं, 'डिसेप्शन' म्हणजे फसवून जाळ्यात पकडणं, 'कन्सेप्शन' म्हणजे कल्पना मनात धरणं किंवा गर्भ धरणं.

आपल्याकडेही हेच आहे. काम आपण 'हाती घेतो', एखाद्या गोष्टीला 'हात घालतो'. 'आरंभ' या शब्दातसुद्धा हात दडलेला आहे, कारण संस्कृतातल्या 'रभ्' धातूचा अर्थ पकडणे असाच आहे. 'सुरुवात' मात्र अरबी 'शुरू'वरून आली आणि कधीच घरची झाली. रोमच्या माणसाला आणि आपल्या पूर्वजांना, दोघांनाही एखादं काम सुरू करणं म्हणजे ते मुठीत धरणं वाटलं. मला हे फार आवडतं.

पण मुठीत धरलं तो क्षण, आणि काम लोकांना दिसू लागलं तो क्षण, यांत अंतर असतं. दुधाला विरजण लावलं ती वेळ एक, आणि दही लागलं ती वेळ दुसरी. इन्सेप्शन म्हणजे विरजण लावल्याची वेळ. भांडं उघडून पाहिलं तर अजून दूधच दिसेल, पण घड्याळ तिथून चालू झालेलं असतं.

दुकान नक्की कधी सुरू झालं?

समजा कोणी रावपुऱ्यात सेव-उसळीचं दुकान टाकतो. दिवाळीत डोक्यात कल्पना आली, ते कन्सेप्शन. संक्रांतीनंतर भागीदाराशी करार करून पैसे गुंतवले, ते इन्सेप्शन. कंपनी म्हणून नोंदणी केली तर त्या दिवसाला इन्कॉर्पोरेशन म्हणतात. गुढीपाडव्याला नगरसेवकाच्या हस्ते फीत कापली, ते इनॉगरेशन, आपलं उद्घाटन. आणि पहिलं गिऱ्हाईक आलं, पैसे देऊन गेलं, ती भवानी. बडोद्यात आम्ही मराठी माणसंसुद्धा तिला 'बोणी'च म्हणतो, शेजाऱ्यांचा गुण लागलाय.

आता दोन वर्षांनी भागीदार भांडले आणि नफा 'सुरुवातीपासून' वाटून घ्यायचा ठरला, तर कुठल्या सुरुवातीपासून? फीत कापल्यापासून की पैसे टाकल्यापासून? 'सुरुवात' या शब्दात ही सगळी वळणं एका पिशवीत कोंबलेली आहेत. बोलण्यात ते चालतं, करारात वकिलाचा खर्च वाढवतं. म्हणून कागदावर इन्सेप्शनचा व्यवहारातला अर्थ बराच अरुंद असतो. ज्या तारखेपासून मोजायचं असं सगळ्यांनी धरलं आहे, ती तारीख.

बडोद्याच्या इतिहासातच याची छान उदाहरणं आहेत. सयाजीराव गायकवाडांनी सक्तीचं प्राथमिक शिक्षण कधी सुरू केलं? कोणी १८९३ सांगेल, कोणी १९०६. दोघेही बरोबर. १८९३ मध्ये अमरेली भागात ते प्रयोग म्हणून हाती घेतलं गेलं आणि १९०६ मध्ये संपूर्ण राज्याला लागू झालं. योजनेचं इन्सेप्शन विचाराल तर मी १८९३ म्हणेन. बडोद्यातल्या शाळकरी मुलाच्या बापाला मात्र १९०६ हीच तारीख महत्त्वाची होती. विद्यापीठाचंही तसंच. महाराजा सयाजीराव विद्यापीठ १९४९ चं, पण ज्या बडोदा कॉलेजातून ते वाढलं ते १८८१ चं.

सयाजीरावांना शब्दांच्या या गुंत्याची चांगली जाण असावी. १९३१ मध्ये त्यांच्या राज्याने 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु' नावाचा कोशच काढला. कारभारातल्या इंग्रजी शब्दांना मराठी, गुजराती, संस्कृत, फारसी अशा भाषांतले प्रतिशब्द त्यात शेजारी-शेजारी मांडले आहेत. वेगवेगळ्या भाषांच्या प्रजेवर राज्य करायचं तर हुकमातला शब्द निसटता असून कसा चालेल?

विम्याच्या कागदावर दोन तारखा का?

आता काकूंची फाइल. आरोग्य विम्याची पॉलिसी बहुधा एका वर्षाची असते. दरवर्षी हप्ता भरला की नवं वर्ष सुरू होतं, म्हणून दरवर्षी सुरुवातीची तारीख बदलते. ती २०२५ ची. 'फर्स्ट इन्सेप्शन' म्हणजे हा सिलसिला ज्या दिवशी पहिल्यांदा सुरू झाला तो दिवस. इथला 'फर्स्ट' वायफळ नाही, दरवर्षीच्या सुरुवातींतली सगळ्यात पहिली कोणती ते तो सांगतो.

पहिली तारीख लागते कशाला? कारण विमा कंपनी काही गोष्टींसाठी आपल्याला रांगेत उभं करते. त्याला प्रतीक्षा काळ म्हणतात. अपघात सोडला तर पहिले ३० दिवस बहुतेक काहीच मिळत नाही. मोतीबिंदू, हर्निया, गुडघेबदल अशा ठरावीक उपचारांसाठी बहुतेक पॉलिसींत दोन ते तीन वर्षं थांबावं लागतं. आधीपासून असलेल्या मधुमेह-रक्तदाबासारख्या आजारांसाठी ही मर्यादा पूर्वी जास्तीत जास्त ४८ महिने होती, विमा नियामकाच्या २०२४ च्या नियमांनी ती ३६ महिन्यांवर आणली. हे सगळे महिने मोजायचे ते पहिल्या इन्सेप्शनपासून. दरवर्षीच्या तारखेपासून मोजले असते तर रांग कधीच पुढे सरकली नसती.

रेशनच्या रांगेत आपण पिशवी ठेवून जागा धरतो ना, तसं हे आहे. पिशवी तिथे आहे तोवर नंबर आपला. पिशवी उचलली की शेवटून सुरू.

"पण मी तर कंपनी बदलली!"

काकूंची खरी भीती ही होती. २०२३ मध्ये त्यांनी जुनी कंपनी सोडून नवीन धरली होती आणि कोणीतरी त्यांना सांगितलं होतं की नवी कंपनी म्हणजे पाटी कोरी. तसं नाही. नूतनीकरणाच्या वेळी रीतसर 'पोर्ट' करून गेलात, म्हणजे जुन्या पॉलिसीचे कागद दाखवून ती दुसऱ्या कंपनीकडे हलवलीत, तर रांगेतला नंबर सोबत जातो. त्यासाठी अर्ज नूतनीकरणाच्या तारखेच्या किमान ४५ दिवस आधी करायचा असतो. नवी कंपनी नकार देऊ शकते, पण घेतलं तर जुने महिने मोजावे लागतात. म्हणून काकूंच्या कागदावर २०२३ नव्हे, २०१९ छापलं होतं.

पाटी कोरी होते ती वेगळ्या वेळी. जुनी पॉलिसी हप्ता न भरता बंद पडू दिली, सवलतीचे दिवसही उलटून गेले आणि चार महिन्यांनी स्वस्त मिळाली म्हणून नवी काढली, तर इन्सेप्शन नवं. हप्त्यात दोन हजार वाचतात आणि तीन वर्षांची रांग पुन्हा नशिबी येते. माझ्या मते यासारखा घाट्याचा सौदा नाही.

"मग २०१९ आहे म्हणजे सगळं मिळणार ना?"

इथे मला काकूंना थांबवावं लागलं. २०१९ मध्ये विमा पाच लाखांचा होता, २०२४ मध्ये त्यांनी तो दहा केला. वाढवलेल्या पाच लाखांसाठी मोजणी २०२४ पासून. एकाच पॉलिसीच्या पोटात दोन इन्सेप्शन. सुदैवाने रुग्णालयाने दिलेला अंदाज पहिल्या पाच लाखांतच बसत होता. तसंच सून किंवा नातवंड नंतर जोडलं असेल तर त्याची तारीख त्याची स्वतंत्र, सासूबाईंची ज्येष्ठता सुनेला वारशाने मिळत नाही.

आणखी एक मुदत लक्षात ठेवण्यासारखी आहे. सलग ६० महिने पॉलिसी चालली की त्यानंतर 'तुम्ही अमुक आजार सांगितला नव्हता' म्हणून कंपनीला दावा नाकारता येत नाही, फसवणूक सिद्ध झाली तरच. ही मुदत २०२४ पर्यंत ९६ महिन्यांची होती. वाढवलेल्या रकमेला इथेही स्वतःचं घड्याळ असतंच.

आयुर्विम्यात गुंता किंचित वेगळा. विमा कायदा १९३८ च्या कलम ४५ प्रमाणे तीन वर्षांनंतर पॉलिसीवर आक्षेप घेता येत नाही. ही तीन वर्षं कुठून? पॉलिसी दिल्याची तारीख, जोखीम सुरू झाल्याची तारीख, बंद पडलेली पॉलिसी पुन्हा चालू केल्याची तारीख, जादा संरक्षण जोडल्याची तारीख, यांतली जी सगळ्यात नंतरची असेल तिच्यापासून. म्हणजे वीस वर्षं जुनी पॉलिसी मध्ये बंद पडून मागच्या वर्षी पुन्हा चालू केली असेल तर घड्याळ मागच्या वर्षीचं. शिवाय काही पॉलिसी वय कमी दिसून हप्ता कमी बसावा म्हणून मागची तारीख टाकून काढलेल्या असतात. त्यांत कागदावरची सुरुवात आधीची, पण संरक्षण कंपनीने प्रस्ताव स्वीकारल्यावरच. विरजण आधी लावलं असं वहीत लिहिलंय, प्रत्यक्षात नंतर लावलंय!

'सिन्स इन्सेप्शन' किती टक्के?

भाच्याची जाहिरात. फंडाच्या बाबतीत इन्सेप्शन म्हणजे त्या योजनेच्या युनिटांचं, म्हणजे हिश्शांचं, पहिलं वाटप झालं तो दिवस. युनिट बहुधा १० रुपयांना सुरू होतं. आज ते ४० रुपये असेल तर 'पैसे चौपट' असं ठळक अक्षरात येतं. चौपट किती वर्षांत, हे बारीक अक्षरात. बारा वर्षांत चौपट म्हणजे चक्रवाढीने वर्षाला सव्वाबारा टक्क्यांच्या आसपास. वीस वर्षांत चौपट म्हणजे जेमतेम सात टक्के. तेवढ्यासाठी बाजाराची धाकधूक कशाला घ्यायची!

नियमाप्रमाणे आकडा वार्षिक चक्रवाढीनेच द्यायचा असतो, त्यामुळे एवढी मोठी फसगत होत नाही. खरी मेख पुढे आहे. ८ जानेवारी २००८ ला सेन्सेक्स सुमारे २०,८७० वर बंद झाला. ९ मार्च २००९ ला तो ८,१६० वर होता. २०१९ च्या शेवटच्या दिवशी होता ४१,२५० च्या आसपास. लाभांश बाजूला ठेवून हिशेब केला तर पहिल्या तारखेपासून वर्षाला पावणेसहा टक्क्यांच्या जरा वर वाढ झाली, दुसऱ्या तारखेपासून सोळा टक्क्यांच्या वर. बाजार तोच, शेवट तोच. फरक मोजणी सुरू करण्याच्या तारखेत, आणि तोही फक्त चौदा महिन्यांचा.

म्हणजे 'सिन्स इन्सेप्शन' आकड्यात फंड चालवणाऱ्याची हुशारी किती आणि जन्मवेळेचं नशीब किती, हे त्या एका आकड्यावरून कळत नाही. दोन फंडांच्या जन्मतारखा वेगळ्या असतील तर त्यांचे हे आकडे शेजारी ठेवून तुलना करणं म्हणजे एकाला न्यायमंदिरापासून आणि दुसऱ्याला मांडवीपासून पळायला लावून स्टेशनवर कोण आधी पोचतं ते बघणं.

एकाच योजनेतही हे घडतं. मध्यस्थाशिवाय थेट गुंतवणुकीचे 'डायरेक्ट' प्लॅन देशात १ जानेवारी २०१३ पासून आले. त्यामुळे नव्वदच्या दशकातल्या योजनेच्या नेहमीच्या प्लॅनचं इन्सेप्शन तेव्हाचं आणि डायरेक्टचं २०१३ चं. पैसे त्याच शेअरमध्ये गुंतलेले, तरी 'सुरुवातीपासून'चे आकडे पार वेगळे.

मग हा आकडा छापतातच का? कारण सेबीला, म्हणजे शेअर बाजार आणि फंडांच्या नियामकाला, तो हवा असतो, पण एकटा नाही. सोबत एक, तीन आणि पाच वर्षांचे आकडे आणि ज्या निर्देशांकाशी तुलना करायची त्याचेही आकडे द्यावे लागतात. बघायचं ते सगळं एकत्र. भाच्याने मला फक्त वरच्या ठळक ओळीचा स्क्रीनशॉट पाठवला होता.

जाता जाता, सेन्सेक्सची स्वतःची जन्मपत्रिकाही मजेशीर आहे. तो प्रसिद्ध होऊ लागला १९८६ च्या जानेवारीत, पण त्याची मोजणी १९७८-७९ या वर्षाला १०० धरून मागून लावलेली आहे. जन्माच्या वेळीच बाळ सहा-सात वर्षांचं होतं.

कायद्याला हा शब्द फारसा आवडत नाही

कायद्यात बहुतेक ठिकाणी 'कमेन्समेंट' असतं. आपल्या मराठी अधिनियमांच्या पहिल्या कलमाचं शीर्षक असतं 'संक्षिप्त नाव व प्रारंभ', तो हाच प्रारंभ. राज्यघटना स्वीकारली २६ नोव्हेंबर १९४९ ला. नागरिकत्वाची, निवडणूक आयोगाची अशी मोजकी कलमं त्याच दिवशी लागू झाली, बाकीची २६ जानेवारी १९५० ला. पण घटनेचा 'प्रारंभ' कुठला धरायचा हा वाद होऊ नये म्हणून कलम ३९४ मध्ये स्पष्ट लिहून ठेवलं आहे, २६ जानेवारी. मोजणीची खुंटी कुठे ठोकली ते त्यांनी स्वतःच सांगितलं.

अमेरिकेत पदवीदान समारंभालाही 'कमेन्समेंट' म्हणतात. आपल्याकडे 'दीक्षान्त', म्हणजे संपलं. त्यांच्याकडे सुरू झालं.

नातवाचं इन्सेप्शन

हा अर्थ एका सिनेमाने आणला. २०१० मध्ये 'इन्सेप्शन' नावाचा हॉलिवूडपट आला. त्यात दुसऱ्याच्या स्वप्नात शिरून त्याच्या डोक्यात एखादा विचार असा पेरायचा असतो की तो त्याला स्वतःचाच वाटावा. त्या पेरण्याला तिथे 'इन्सेप्शन' म्हटलंय, आणि ते मूळ अर्थाला धरूनच आहे. पण प्रेक्षकांच्या लक्षात राहिली ती स्वप्नातल्या स्वप्नातलं स्वप्न ही गंमत. तेव्हापासून डबीत डबी, फोटोत फोटो दिसला की पोरं 'इन्सेप्शन' ओरडतात. मित्रांत खुशाल म्हणावं. विम्याच्या दाव्यात मात्र डबीतली डबी शोधू नये.

"दुकानाच्या पाटीवर 'सिन्स १९६२' असतं, ते पण इन्सेप्शनच ना?"

हा प्रश्नही काकूंचाच. आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर एका गुजराती भाईंचं किराणा दुकान आहे. पाटीवर 'सिन्स १९६२'. ते साल वडिलांनी मांडवीजवळ पहिली गादी घातली तेव्हाचं, या जागेत तर ते नंतर आले. गल्ल्यामागच्या भिंतीवर जीएसटीचं प्रमाणपत्र लावलंय, त्यावर वैधता १ जुलै २०१७ पासून, कारण जीएसटीच त्या दिवशी सुरू झाला. दोन्ही तारखांत खोटं काहीच नाही. एक गिऱ्हाइकासाठी आहे, दुसरी सरकारसाठी.

आणि दिवाळी झाली की भाई चार-पाच दिवस शटर खाली ठेवतात, लाभपाचमेला उघडतात, नव्या चोपड्यावर कुंकवाने साथिया, म्हणजे स्वस्तिक, काढतात आणि त्यांचं वर्ष तिथून सुरू होतं. आमचं व्हायला तोवर गुढीपाडवा यायचा असतो. काकू लाभपाचमेला सकाळीच खाली जाऊन पाव किलो साखर घेतात, उधार नाही, रोख. भाईंची बोणी आपल्या हातून व्हावी म्हणून.